माळरान हें पडीक नव्हे

गतवर्षींच्या याच वार्षिकांत 'आमचा वृक्षारोपण-दिन' या मथळ्याखालीं माझा एक लहानसा लेख प्रसिद्ध झाला होता, हें कांहीं वाचकांस स्मरत असेल. आंबेगांव तालुक्याच्या पूर्व भागांत, लोणी-धामणीच्या बाजूस असलेल्या एका गांवच्या गायरानावर आम्ही सर्व विद्यार्थी आषाढांत गेलों, दिवसभर खड्डे खणले, त्यांत गिरिपुष्पाचीं व सुबाभळीचीं रोपें लावलीं, आणि 'एक ओसाड भूमि हिरवी केली' अशा समाधानांत सायंकाळीं परत आलों, असें त्यांत वर्णन होतें. त्या दिवसाचे श्रम खरे होते; उत्साह खरा होता; हेतूहि निर्मळ होता. पण 'ओसाड' हा शब्द खरा नव्हता. तो मीं न पाहतां व न विचारतां लिहिला. तो परत घेणें माझें कर्तव्य आहे असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

माझे डोळे उघडण्यास एक पक्षी कारण झाला. नाताळच्या सुटींत मी त्याच गांवीं मामांकडे गेलों होतों. एके दिवशीं सकाळीं मामांबरोबर शेतावर जात असतां गायरानाच्या कडेनें एक करड्या-पांढऱ्या रंगाचा पक्षी गवतावरून अगदीं सखल उडत येतांना दिसला. घारीप्रमाणें तो उंच आकाशांत नव्हता. पंख किंचित् वर उचलून तो एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत तरंगत जाई, मध्येंच वळे, आणि पुन्हां तीच वाट धरी. पंखांचीं टोंकें तेवढीं काळीं होतीं. मीं मामांस विचारलें. ते म्हणाले, "हा पाहुणा आहे, बाळ. दसरा झाला कीं येतो, शिमगा झाला कीं जातो. पूर्वीं दिवस मावळतांना दहा-बारा एकदम गवतांत उतरत आणि रात्रभर तेथेंच बसत." मग थोडें थांबून त्यांनीं बोट दाखविलें. "तुम्ही मुलांनीं खड्डे खणले ना, तेथेंच."

मामांच्या बोलण्यांत दोष देण्याचा हेतु नव्हता. तरीहि तें मला लागलें. एका माणसाच्या आठवणीवरून किंवा एका हिवाळ्याच्या अनुभवावरून सिद्धांत बांधूं नये, हें आम्ही शास्त्राच्या तासास शिकलों आहों. म्हणून मीं परत आल्यावर ग्रंथालयांतील पुस्तकें चाळलीं, शिक्षकांस विचारलें, आणि जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

या पक्ष्याचें मराठी नांव पांढुरका भोवत्या. शास्त्रीय नांव सर्कस मॅक्रोरस. नर करडा-पांढरा असतो. मादी तपकिरी असून तिच्या शेपटीच्या मुळाशीं पांढरा पट्टा असतो. घुबडाप्रमाणें चेहऱ्याभोंवतीं पिसांचें कडें असल्यामुळें गवतांतील बारीक चाहूलहि त्यास ऐकूं येते. लहान पक्षी, उंदीर व टोळ हें त्याचें मुख्य भक्ष्य. तो झाडावर घरटें बांधीत नाहीं, आणि रात्रहि सहसा जमिनीवर, गवताच्या आडोशास काढतो. त्याची जन्मभूमीहि गवताचीच. कझाकस्तान व दक्षिण रशिया येथील विस्तीर्ण तृणप्रदेशांत तो जमिनीवर घरटें करतो. थंडी पडूं लागली म्हणजे त्यांतील कांहीं पक्षी आफ्रिकेकडे व कांहीं भारताकडे निघतात. म्हणजे लोणी-धामणीच्या माळावर उतरणारा भोवत्या तीन हजार किलोमीटरांहून अधिक मार्ग आक्रमून आलेला असतो. ईयोबाच्या ग्रंथांत परमेश्वर ईयोबास जे प्रश्न विचारतो, त्यांत ससाण्याच्या दक्षिणेकडील उड्डाणासंबंधींहि एक प्रश्न आहे. तो भाग शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं मीं अनेकदां ऐकला होता, परंतु त्याकडे माझें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

पशुपक्ष्यांची स्थिति पाहून त्यांचें वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें या पक्ष्यास 'संकटसमीप' या वर्गांत घातलें आहे. ज्या जीवाचा नाश आजच ओढवलेला नाहीं, परंतु स्थिति अशीच बिघडत गेल्यास लवकरच ओढवूं शकेल, अशासाठीं हा वर्ग आहे. या अवस्थेचें एक मोठें कारण त्याच्या जन्मभूमींतच आहे. १९५४ पासून सोव्हिएट सरकारनें कझाकस्तान, सैबेरिया इत्यादि भागांतील 'पडीक' जमीन नांगराखालीं आणण्याची प्रचंड मोहीम काढली, आणि कांहीं वर्षांतच कोट्यवधि एकर तृणभूमि उलथली गेली. तेथेंहि हेतु धान्य पिकविण्याचा, म्हणजे चांगलाच होता. एका टोंकाचें घर असें आखडल्यावर दुसऱ्या टोंकाच्या घराचें महत्त्व सहजच वाढतें. आणि तें दुसरें घर म्हणजे आपलें माळरान.

तर या माळरानाचें स्वरूप काय, हें आतां पाहूं. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांचें पश्चिमेचें अंग सह्याद्रीस टेकलेलें आहे. तेथें धुवांधार पाऊस पडतो. भीमाशंकरचें दाट अरण्य तेथेंच आहे, आणि त्यास १९८५ सालीं अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. परंतु कुकडी, मीना व घोड या नद्यांबरोबर जसजसें पूर्वेस उतरावें, तसतसा पाऊस ओसरत जातो, आणि आणें पठार किंवा लोणी-धामणी येथें पोंचेपर्यंत सह्याद्रीवरील पावसाचा एक अल्पांशच उरतो. अशा ठिकाणीं निसर्गानें दाट अरण्य वाढविलें नाहीं, गवत वाढविलें. कुसळी, पवना, मारवेल हीं गवतें, आणि त्यांत मधून मधून बोर, हिवर, खैर, तरवड, बाभूळ. भूगोलाच्या पुस्तकांत आफ्रिकेच्या प्रकरणांत ज्यास सव्हाना म्हणतात, त्याच जातीचा हा प्रदेश. चंडोल, माळटिटवी, धाविक, लावा, पखुर्डी हे येथील पक्षी. ससा, खोकड, लांडगा हे येथील प्राणी. आणि मेंढरें घेऊन हिंडणारा धनगर हा येथील मनुष्य.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, पूर्वीं येथें घनदाट अरण्य होतें, माणसानें तें तोडलें, आणि उरला तो हा उजाड माळ. माझीहि तीच समजूत होती. म्हणून झाडें लावणें म्हणजे जुनें ऋण फेडणें असें मला वाटे. पण आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेला अभ्यास निराळें सांगतो. त्यांनीं पश्चिम महाराष्ट्रासंबंधींचे जुने मराठी ग्रंथ व लोककथा धुंडाळून त्यांत कोणत्या स्थळीं कोणत्या रानटी वनस्पतींचा उल्लेख आहे, हें टिपलें. अशा ४४ वनस्पति मिळाल्या. त्यांपैकीं २७ माळरानाच्या निघाल्या. दाट अरण्यांतल्या अवघ्या ३. यावरून सुमारें ७५० वर्षांपूर्वींहि येथें आजच्यासारखेंच गवताळ माळरान होतें, असें त्यांनीं दाखविलें आहे. आपल्या पूर्वजांनीं जें पाहून लिहून ठेवलें, तें आपणच वाचलें नाहीं. माळ हें मेलेलें अरण्य नाहीं. तें स्वतःच्या हक्कानें जगणारें एक रान आहे.

आतां जुन्नर-आंबेगांवांत कोणत्याहि पारावर बसलें तर वन्य प्राण्यांची गोष्ट म्हणून एकच ऐकूं येते: बिबट्याची. तें स्वाभाविक आहे. ज्याच्या गोठ्यांतील कालवड गेली, ज्याच्या घरचें मूल सायंकाळीं अंगणांत सोडतां येत नाहीं, त्यानें दुसरें काय बोलावें? पण बिबट्या गांवाशीं कां आला, याचा विचार केला तर भोवत्या कां चालला याचेंहि उत्तर मिळतें. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगें व डिंभें हीं पांच धरणें झालीं, कालवे निघाले, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि ज्या भूमींत बाजरी, ज्वारी व गवत होतें, तेथें पुरुषभर उंच ऊंस उभा राहिला. त्या उंसांत बिबट्यास बारा महिने आडोसा मिळाला, गांवांतील कुत्रीं व शेळ्या हें भक्ष्य मिळालें, आणि तो तेथेंच पिलें वाढवूं लागला. २००१ ते २००३ या काळांत जुन्नर भागांत मनुष्यांवर हल्ले झाले, तेव्हां सर्व महाराष्ट्राचें लक्ष इकडे वळलें. पुढें माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्र प्रसिद्धीस आलें. ज्या बदलानें दडून राहणाऱ्यास घर दिलें, त्याच बदलानें उघड्यावर राहणाऱ्याचें घर काढून घेतलें. भोवत्यास उंसांत शिकार करतां येत नाहीं, कीं उतरून निजतां येत नाहीं. बिबट्याचें येणें साऱ्या गांवास कळतें; भोवत्याचें जाणें मात्र कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

मग उंसाच्या कचाट्यांतून सुटलेले जे गायरानाचे व टेकड्यांच्या उताराचे तुकडे आहेत, तेवढे तरी सुरक्षित असावेत. पण तेथें 'पडीक' हा शब्द आड येतो. इंग्रजी अमदानींत ज्या जमिनीपासून सारा मिळत नसे, ती सरकारी दप्तरांत पडीक ठरे. तोच दृष्टिकोन आपण पुढें चालविला. २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहांत झुडुपी व गवताळ जमिनीहि पडीक म्हणूनच दाखविल्या गेल्या. एकदां पडीक म्हटलें कीं तेथें कांहीं तरी 'केलें'च पाहिजे असें प्रत्येकास वाटूं लागतें: कोणास कारखाना काढावासा वाटतो, कोणास घरांसाठीं भूखंड पाडावेसे वाटतात, आणि आमच्यासारख्या शाळकरी मुलांस झाडें लावावींशीं वाटतात. २०१९ पर्यंत महाराष्ट्र शासनानें ५० कोटि झाडें लावण्याचा संकल्प सोडला होता. त्या उत्साहाच्या लाटेंत झाड कोठें लावावें, यापेक्षां किती लावावींत हाच प्रश्न मोठा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें भोवत्यास मारणें हा गुन्हा आहे. परंतु ज्या गवतांत तो निजतो तें गवत खणून काढणें हें आपल्याकडे सत्कृत्य समजलें जातें. हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

येथें दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते दोन्ही आदरानें ऐकण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, एका परदेशच्या पक्ष्यासाठीं शेतकऱ्यानें कोरडेंच रहावें काय? मुळींच नाहीं. लोणी-धामणीच्या बाजूस उन्हाळ्यांत हंडे मांडून टँकरची वाट पाहणाऱ्या बायका मीं पाहिल्या आहेत. त्यांत माझी मामीहि होती. त्या गांवांस पाणी मिळावें ही मागणी न्यायाची आहे, आणि पाणी आल्यावर स्वतःच्या शेतांत काय पिकवावें हें शेतकऱ्यानेंच ठरवावें. माझें म्हणणें शेतांविषयीं नाहीं, गायरानांविषयीं आहे. गायरान हें गांवाच्या गुरांसाठीं राखलेलें. तें राहिलें तर भोवत्या राहतो, आणि जनावरांस चाराहि राहतो. पूर्वीं गांवें कुरण राखीत, म्हणजे गवत पिकून बीं पडेपर्यंत त्यांत गुरें सोडीत नसत. तें कुरण राखणें पुन्हां सुरू झालें तर त्यांत गांवाचा तोटा कांहींच नाहीं. बेसुमार चराई आणि दरसालचे वणवे यांनींहि माळ मरतो; म्हणून 'कांहीं करूं नका' असें मी म्हणत नाहीं, तर 'माळ माळ म्हणून सांभाळा' असें म्हणतों.

दुसरा आक्षेप असा कीं, पृथ्वी तापत असतां झाडें लावण्यास विरोध करणें हें अडाणीपणाचें नव्हे काय? झाडांस माझा विरोध नाहीं. परंतु हवेंतील कर्ब केवळ झाडेंच धरून ठेवतात असें नाहीं. गवतहि तो धरतें, आणि बहुतांशीं जमिनीखालीं, मुळांत व मातींत सांठवतें. तीच मुळें पावसांत मातीहि धरून ठेवतात. गवतास ऊन लागतें. सावली दाटली कीं तें मरतें. आम्हीं लाविलेलें गिरिपुष्प व सुबाभूळ हीं दोन्ही मूळचीं अमेरिका खंडांतील. म्हणजे हजारों वर्षें जुळून आलेली एक व्यवस्था मोडून तिच्या जागीं आम्हीं एका दिवसांत परमुलखांतील झाडांच्या रांगा उभ्या केल्या, आणि त्यास निसर्गसेवा म्हटलें.

संकटसमीप या शब्दानें निश्चिंत राहूं नये, याची साक्ष आपल्या शेजारींच आहे. माळढोक हा आपल्या माळरानांतला सर्वांत मोठा पक्षी. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज येथें अभयारण्य झालें. त्याची हद्द त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यांतहि पसरली होती. कागदावर क्षेत्र मोठें, पण प्रत्यक्षांत गवताचे तुकडे होत गेले. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय संघानें माळढोकास 'अतिसंकटग्रस्त' ठरविलें, आणि आज महाराष्ट्रांत त्याचें दर्शन म्हणजे वार्ता होऊन बसली आहे. भोवत्याची पाळी तेथवर आलेली नाहीं. म्हणूनच त्याच्याविषयीं आतां बोलणें उपयोगाचें आहे. उलट दिशेचें उदाहरणहि आपल्या पुणें जिल्ह्यांतच आहे. बारामती तालुक्यांतील सुपें येथें चिंकारा हरिणांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य राखलें आहे. तें फार मोठें नाहीं. तरी थोडकें माळरान नीट राखलें तर त्यांत किती जीव नांदतात, हें तेथें जाऊन कोणासहि पाहतां येईल. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष चराऊ भूमि व पशुपालक यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें, यावरूनहि जगाची दृष्टि बदलत आहे असें दिसतें.

आतां आपल्या शाळेपुरतें चार सूचना करून लेख संपवितों. मुख्याध्यापक महाशयांनीं व शिक्षकवर्गानें त्यांचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

पहिली सूचना: वृक्षारोपण-दिन बंद करूं नये, पण त्याची जागा बदलावी. ओढ्याचे काठ, रस्त्यांच्या कडा, विहिरींचे परिसर व शाळांचीं आवारें येथें झाडांस जागा आहे. तेथें वड, पिंपळ, करंज, जांभूळ, कडुनिंब लावावे. दुसरी: गतवर्षीं गायरानावर लाविलेलीं रोपें ग्रामपंचायतीच्या संमतीनें हलवावीं. गिरिपुष्पाची कुंपण म्हणून चांगली वाढ होते व त्याचा पाला खत म्हणून शेतांत पडतो. तेव्हां गांवांतील ज्या शेतकऱ्यांस हवीं असतील त्यांच्या बांधावर तीं आपणच नेऊन लावावीं. खड्डे आम्हीं खणले. ते बुजविण्याचे श्रमहि आम्हींच करावे. तिसरी: दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत महिन्यांतून एकदां, सूर्यास्ताच्या वेळीं, दुरून व शांतपणें बसून गवतांत किती भोवत्ये उतरतात तें मोजावें, आणि शास्त्रशाळेंतील एका वहींत तारखेसह लिहून ठेवावें. दहा वर्षें ही वही चालली तर आमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांस माझ्यासारखें केवळ आठवणींवर विसंबावें लागणार नाहीं. चवथी सूचना सर्वांत सोपी: या वार्षिकांत यापुढें कोणीहि त्या भूमीस ओसाड म्हणूं नये.

सुटी संपण्याच्या आदल्या सायंकाळीं मी एकटाच गायरानाच्या कडेस जाऊन बसलों होतों. सूर्य मावळला, थंडी पडूं लागली, आणि आमच्या रोपांच्या रांगा टाळून, दूर उताराच्या बाजूस, जेथें गवत अजून उभें आहे तेथें दोन भोवत्ये एकामागून एक खालीं उतरले. मामांच्या लहानपणींचे दहा-बारा नव्हते, दोनच होते. मामांस सांगितलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "दोन आहेत ना? मग अजून वेळ आहे." त्यांच्या या शब्दांवर विश्वास ठेवून मीं हा लेख लिहिला आहे. येत्या दसऱ्यास ती वही सुरू व्हावी, आणि तिच्या पहिल्या पानावर निदान दोन हा आंकडा लिहितां यावा, एवढीच इच्छा.